एजॅक्सचे दफन आणि सैनिकाचा दाखला

१

सॉफोक्लीजच्या ‘एजॅक्स’ या शोकांतिकेवर टीकाकारांचा एक जुना आक्षेप आहे. १४२० ओळींच्या या नाटकाचा नायक ८६५ व्या ओळीला आपले अखेरचे भाषण संपवून तलवारीवर देह टाकतो. त्यानंतर उरलेल्या साडेपाचशे ओळींत त्याच्या प्रेताचे काय करावे एवढ्यावरच वाद चालतो. नायक गेला, मग नाटक कशासाठी उरले? कवीने नाटक लांबविण्याच्या नादात शोकरसाचा भंग केला, असा स्पष्ट दोष प्राचीन काळच्या एका भाष्यकारानेच देऊन ठेवला आहे. आधुनिक काळातही ‘मध्येच मोडलेले नाटक’ असे त्याचे वर्णन अनेकांनी केले. किट्टो यांच्यासारख्या समीक्षकांनी ओडिसिअसच्या भूमिकेकडे बोट दाखवून नाटकाच्या एकसंधतेचे समर्थन केले खरे. परंतु तो उत्तरार्ध शाळेतल्या वादविवादासारखा कोरडा आहे, ही सामान्य वाचकाची भावना पुरती पुसली गेली नाही.

प्रस्तुत लेखक वाङ्मयाचा व्यावसायिक अभ्यासक नव्हे. त्याचे दिवस दिवाणी दाव्यांत, दाखल्यांत आणि नकलांत जातात. कदाचित त्यामुळेच असेल, परंतु त्याला हा उत्तरार्ध कधीच कोरडा वाटला नाही. एका माणसाच्या नावापुढे राज्यसत्तेने कोणता शब्द लिहावा, या प्रश्नावर चाललेली ती एक सुनावणी आहे. कागदावरचा एक शब्द माणसाच्या मागे आयुष्यभर कसा लागतो, हे ज्याने न्यायालयाच्या ओसरीवर पाहिले आहे, त्याला या सुनावणीत नायकाच्या मृत्यूइतकीच शोकांतिका दिसते. आणि हीच सुनावणी आज अमेरिकेत सैन्यातून कलंकित दाखला घेऊन बाहेर पडलेल्या सहस्रावधी माणसांच्या वाट्याला येते. नाटक आणि कायदा एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता दोहोंवरही प्रकाश पडतो, असे मला वाटते. तेवढ्यासाठीच हा लेख.

२

कथा थोडक्यात सांगतो. ट्रॉयच्या वेढ्यात अकिलीस पडला. त्याची शस्त्रे सर्वांत योग्य वीराला द्यावयाची होती. अकिलीसच्या मागोमाग पराक्रमात एजॅक्सचेच नाव घेतले जाई. परंतु शस्त्रे मिळाली ओडिसिअसला. अपमानाने पेटलेला एजॅक्स रात्री सेनापतींना ठार मारण्यास निघाला. तेव्हा अथीना देवीने त्याची बुद्धी भ्रष्ट केली, आणि शत्रू समजून त्याने लष्कराच्या गुराढोरांची कत्तल केली. एका मेंढ्याला ओडिसिअस समजून खांबाला बांधून त्याने चाबकाने फोडले. पहाटे शुद्ध आली. समोर रक्ताचा चिखल आणि मेलेली जनावरे. ज्याच्या पाठीमागे सारे सैन्य आसरा घेई, तो आता सैन्याच्या हसण्याचा विषय झाला. पत्नी टेक्मेसा आणि सोबतचे सॅलॅमिसचे खलाशी विनवीत असता त्याने एकांत गाठला, आणि शत्रूकडून, हेक्टरकडून, भेट मिळालेल्या तलवारीवर स्वतःला झोकून दिले.

येथून सुनावणी सुरू होते. मेनेलॉस येऊन फर्मावतो की या प्रेताला माती मिळणार नाही. त्यामागोमाग सेनापती अगामेम्नॉन तीच आज्ञा पुन्हा देतो. मृताचा सावत्र भाऊ ट्यूसर एकटा उभा राहून भांडतो. अखेरीस जो सर्वांत मोठा वैरी, तो ओडिसिअस येतो आणि मृताच्या बाजूने बोलतो. दफनाची परवानगी मिळते.

मेनेलॉसचे म्हणणे हलके समजू नये. सैन्यात भीती नसेल तर शिस्त नाही, आणि शिस्त नसेल तर सैन्य नाही, असे तो सांगतो. एजॅक्सने सेनापतींचा वध करावयाचे योजिले होते, हेही खोटे नाही. येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावी लागते. बेताचा उगम वेडात नव्हता; वेडाने फक्त त्या बेताचे लक्ष्य बदलले. एखाद्या चाणाक्ष सरकारी वकिलाने हाच मुद्दा धरला असता. सॉफोक्लीजने तो लपविलेला नाही. तो स्वतः ख्रिस्तपूर्व ४४१-४४० या वर्षी अथेन्सच्या सेनानींपैकी एक म्हणून निवडला गेला होता, आणि त्याच्यासमोर बसलेले प्रेक्षकही बहुतेक ढाल-भाला वाहिलेले नागरिक होते. शिस्तीचा पक्ष त्यांना शिकवावा लागत नव्हता.

३

आता अमेरिकेकडे वळू. तेथे सैनिक सेवामुक्त होतो तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या कागदावर सेवेचे स्वरूप नोंदलेले असते. ‘सन्माननीय’ ही पहिली पायरी, ‘सन्माननीय परिस्थितीत सर्वसाधारण’ ही दुसरी, ‘सन्माननीयाहून अन्य’ ही तिसरी. या तीन पायऱ्या प्रशासकीय आहेत. त्याखालच्या ‘दुर्वर्तन’ आणि ‘अप्रतिष्ठित’ या दोन लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनेच येतात. यांतील तिसरी पायरी विशेष विचार करण्याजोगी आहे. ती मिळण्यास खटला लागत नाही. वरिष्ठांच्या प्रशासकीय निर्णयाने ती हाती पडते. १९४७ पर्यंत निळ्या कागदावर छापलेला, धड सन्मानाचा नव्हे आणि धड अप्रतिष्ठेचाही नव्हे, असा एक दाखला असे. त्याचीच ही वारसदार म्हणता येईल.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. माजी सैनिकांच्या सवलतींविषयीच्या तेथील कायद्यात ‘माजी सैनिक’ या शब्दाची व्याख्याच सेवामुक्तीच्या स्वरूपावर आधारलेली आहे. अप्रतिष्ठेच्या परिस्थितीत जो मुक्त झाला, तो कायद्याच्या दृष्टीने माजी सैनिकच नव्हे. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला शिक्षणवेतन मिळत नाही. औषधोपचार, निर्वाहवेतन, राष्ट्रीय स्मशानभूमीत दफन, या सर्वांसाठी त्याची स्वतंत्र चौकशी होते, आणि तीत तो अपात्र ठरू शकतो. दफनाचा अधिकार! अगामेम्नॉनच्या छावणीत जे मागितले गेले, तेच येथे अर्जाच्या रकान्यांत मागितले जाते.

दाखला बदलून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला १९४४ च्या कायद्याने निर्माण झालेले पुनर्विलोकन मंडळ. तेथे सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत जावे लागते. दुसरा १९४६ च्या कायद्यापासून चालत आलेले नोंददुरुस्ती मंडळ; तेथे चूक उमगल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे, परंतु न्यायासाठी ती माफ करता येते. अर्जदार मृत असेल तर त्याचे आप्त अर्ज करू शकतात. म्हणजे ट्यूसरलाही तेथे उभे राहण्याचा अधिकार आहे. परंतु शाबितीचे ओझे अर्जदारावर. सरकारी काम नियमाप्रमाणेच झाले असणार, या गृहीतापासून मंडळ आरंभ करते.

आता कालगणना पाहा. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या कित्येकांना झोप येईना, दारू सुटेना, वरिष्ठांचा हुकूम सोसवेना. काही न सांगता छावणी सोडून गेले. त्या दुखण्याला अमेरिकी मानसवैद्यकाच्या अधिकृत सूचीत ‘आघातोत्तर मनोविकार’ हे नाव मिळाले १९८० साली. ज्याला १९६९ मध्ये कलंकित दाखला मिळाला, त्याची १५ वर्षांची मुदत १९८४ मध्ये सरली. दुखण्याला नाव मिळण्यापूर्वीच अकरा वर्षे खर्ची पडली होती. ज्याला नाव नाही, त्याचा पुरावा कोणत्या वैद्याने द्यावा?

हा पेच राज्यसत्तेने उशिरा ओळखला. ३ सप्टेंबर २०१४ रोजी संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी नोंददुरुस्ती मंडळांना सूचना दिली की, अशा अर्जांचा ‘उदार विचार’ करावा. २०१६ अखेरच्या कायद्याने ते तत्त्व पुनर्विलोकन मंडळांवर बंधनकारक झाले. २५ ऑगस्ट २०१७ च्या, कुर्टा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्ञापनाने मंडळापुढे चार प्रश्न ठेवले. गैरवर्तनाला सौम्य करील असा विकार वा अनुभव अर्जदाराच्या वाट्याला आला होता काय? तो सेवाकाळातला होता काय? त्याने त्या गैरवर्तनाला खरोखरच सौम्यता येते काय? आणि शेवटी, तुलनेत त्याचे पारडे जड ठरते काय? सैनिकाची स्वतःची साक्षदेखील विकार सिद्ध करण्यास पुरेशी ठरू शकते, आणि बदललेले वर्तन हाच विकाराचा पुरावा असू शकतो, असेही त्यात म्हटले आहे.

या उदारतेची गरज किती होती, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या मे २०१७ च्या अहवालावरून कळते. २०११ ते २०१५ या पाच अर्थवर्षांत गैरवर्तनासाठी ९१,७६४ जणांना सैन्यातून काढण्यात आले. त्यांपैकी ५७,१४१ जणांना, म्हणजे शेकडा ६२ जणांना, काढण्यापूर्वीच्या दोन वर्षांत आघातोत्तर विकार, मेंदूची इजा किंवा वर्तनावर परिणाम करणारा अन्य काही विकार असल्याचे निदान झालेले होते. आणि त्यांतील १३,२८३ जणांच्या हाती ‘सन्माननीयाहून अन्य’ हा दाखला पडला. निदान झालेले होते, हे महत्त्वाचे. येथे दुखण्याला नाव होते, कागद होता, वैद्य होता. तरीही तिसरी पायरी आली.

४

हे चार प्रश्न मनात ठेवून नाटकाकडे परत यावे. पूर्वार्धात आपणास जो पुरावा मिळतो, तो बहुतांशी टेक्मेसाच्या तोंडून. मध्यरात्री, दिवे विझल्यावर, तो दुधारी तलवार घेऊन निघाला. कोठे म्हणून तिने विचारले, तर बायकांनी गप्प राहावे असे म्हणून त्याने तिला उडवून लावले. बांधलेली जनावरे घेऊन तो परतला, त्यांना मारता-मारता दाराशी जाऊन कुणा सावलीशी बोलला, मोठ्याने हसला, मग हळूहळू शुद्धीवर येऊन डोके बडवीत ओरडला आणि नंतर पुष्कळ वेळ मुकाट बसला. पूर्वी हुंदके देणे हे भित्र्याचे लक्षण असे सांगणारा तो पुरुष त्या दिवशी ज्या स्वरात रडला, तो स्वर तिने कधी ऐकला नव्हता. एखाद्या सैनिकाच्या पत्नीने मंडळापुढे द्यावे असे हे शपथपत्र आहे. तिने निदान केलेले नाही, दोषही दिलेला नाही. पाहिले ते सांगितले आहे. ती स्वतः युद्धात लुटून आणलेली, ज्याच्या भाल्याने तिचा देश उजाड झाला त्याच्याच घरात नांदणारी. तिच्या साक्षीला म्हणूनच विलक्षण वजन आहे.

दुसरा साक्षीदार ओडिसिअस. प्रारंभीच्या प्रवेशात अथीना त्याला वेडा झालेला एजॅक्स दाखविते आणि शत्रूच्या फजितीला हसण्यास सुचविते. तो हसत नाही. त्याला त्या माणसाची कणव येते, आणि एजॅक्सच्या दशेत तो आपलीच दशा पाहतो.

आता नाटकातील सर्वांत चिंतनीय गोष्ट सांगतो. उत्तरार्धाच्या एवढ्या मोठ्या वादात मृताच्या बाजूने वेडाचा बचाव कोणीही करीत नाही. ज्याने वेड डोळ्यांनी पाहिले तो ओडिसिअसही नाही. देवाने त्याचा घाव जनावरांकडे वळविला, हे मेनेलॉस म्हणतो, परंतु ते आपण वाचल्याच्या समाधानाने. ट्यूसर काय सांगतो? जहाजे पेटत असता हेक्टरला अडविणारा कोण होता, आणि हेक्टरशी एकट्याने झुंजणारा कोण होता. ओडिसिअस काय सांगतो? अकिलीस सोडला तर ट्रॉयला आलेल्यांत याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याची विटंबना ही त्याची नव्हे, देवांच्या नियमांची होईल. एका रात्रीची नोंद विरुद्ध नऊ-दहा वर्षांची सेवा, असा हा हिशेब आहे. मृताला माती मिळते ती रोगी म्हणून मिळत नाही. सैनिक म्हणून आणि माणूस म्हणून मिळते.

५

आणि येथेच आधुनिक वाचनाशी माझा थोडा मतभेद आहे. बोस्टन येथे माजी सैनिकांवर उपचार करणारे मानसवैद्य जोनाथन शे यांनी १९९४ च्या ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या ग्रंथात इलियडचे जे वाचन केले, ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या समीक्षेतील एक मोलाचे काम होय. सैनिकाचे मन केवळ भयाने मोडत नाही. जे उचित, त्याचा अधिकाऱ्याने विश्वासघात केला म्हणजे ते मोडते, हे त्यांचे प्रतिपादन एजॅक्सच्या शस्त्रांच्या निवाड्याला तंतोतंत लागू पडते. ब्रायन डोअरीज यांनी २००८ पासून ‘एजॅक्स’ आणि ‘फिलोक्टेटीस’ यांतील प्रवेशांचे वाचन सैनिकांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे करविले, आणि त्यावर श्रोत्यांना बोलते केले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे शब्द ऐकून आजच्या सैनिकाची पत्नी उभी राहून बोलू लागते, याहून नाटककाराचा मोठा सन्मान कोणता?

परंतु या वाचनांच्या प्रभावाखाली एजॅक्स हळूहळू एक ‘रुग्ण’ होऊ लागतो. पूर्वार्ध मोठा होतो, उत्तरार्ध पुन्हा शेपूट ठरतो. जुन्या टीकाकाराने रसभंगाच्या नावाने जे तोडले, तेच नवा वाचक करुणेच्या नावाने तोडण्याचा संभव आहे. कायद्यातही हाच धोका आहे. ‘उदार विचार’ ही मोठी गोष्ट खरी. परंतु आपण सन्मानास पात्र होतो हे दाखविण्यासाठी आपण मनोरुग्ण होतो हे माणसाला सिद्ध करावे लागते. एक कलंक पुसावयाचा, तर दुसरा, लोकांच्या दृष्टीने तितकाच जड, कपाळी लावून घ्यावयाचा. पुष्कळ सैनिक या उंबरठ्यावरूनच परत फिरत असतील, तर त्यांना हट्टी कसे म्हणावे? एजॅक्सही आपल्या वेडाविषयी बोलला तो लाजेनेच बोलला.

यास उत्तर असे की, रोगाचा मुद्दा उपस्थित झाला नसता तर मंडळांची दारे उघडलीच नसती. ते मला मान्य आहे. वकील म्हणून मी अशिलाला उघडे असलेल्या दारानेच जाण्याचा सल्ला देईन. तथापि २५ जुलै २०१८ च्या, विल्की यांच्या ज्ञापनाने न्यायबुद्धी आणि क्षमा यांच्या आधारे, समग्र सेवा व नंतरचे वर्तन पाहून दाद देण्याची जी वाट दाखविली, ती मला ओडिसिअसच्या युक्तिवादाच्या अधिक जवळची वाटते. नोंददुरुस्तीच्या मूळ कायद्यातही दोन शब्द आहेत: चूक सुधारणे, आणि अन्याय दूर करणे. नियमाप्रमाणे झालेली गोष्टही अन्यायाची असू शकते, ही जाण त्या दुसऱ्या शब्दात आहे. सॉफोक्लीजचा सारा उत्तरार्ध त्याच शब्दावर उभा आहे.

या सुनावणीचा निकालही बारकाईने वाचावा. अगामेम्नॉन परवानगी देतो, पण कशी? ओडिसिअसच्या भिडेखातर. मृत माणूस आपणास येथे आणि परलोकीही तितकाच द्वेष्य राहील, असे बजावून तो निघून जातो. म्हणजे दाद मिळाली, ठपका मात्र कायम. अमेरिकी मंडळेही कधी दाखल्याची पायरी बदलतात आणि सेवामुक्तीचे कारण तसेच ठेवतात. नोकरी मागावयास गेलेल्या माणसाच्या कागदावर ते कारण तसेच वाचले जाते. आणि ओडिसिअस दफनात हातभार लावण्याची इच्छा दर्शवितो, तेव्हा ट्यूसर त्याचे मनापासून आभार मानतो, परंतु प्रेताला हात लावू देत नाही. न्याय मिळाल्याने जखम बुजते असे नाही. कवी एवढेच सुचवून थांबतो.

६

आपल्याकडच्या वाचकाला येथे अश्वत्थामा आठवल्यावाचून राहणार नाही. सौप्तिकपर्वातही रात्र आहे, अपमान आहे, पित्याच्या अन्याय्य वधाने पेटलेला वीर आहे, आणि अंगात संचारलेले दैवतही आहे. परंतु फरक मोठा आहे. एजॅक्सच्या हातून मेली ती जनावरे. अश्वत्थाम्याच्या हातून मेली ती निजलेली माणसे, आणि त्याचे अस्त्र पुढे उत्तरेच्या गर्भावर गेले. कुर्टा ज्ञापनातील चौथा प्रश्न, पारडे कोणते जड, हा याचसाठी आहे. दुःख खरे असले म्हणून प्रत्येक कृत्य धुऊन निघत नाही. उदारता म्हणजे तराजू फेकून देणे नव्हे.

तरीही अश्वत्थाम्याला मिळालेल्या शिक्षेकडे पाहावे. मस्तकावरचा मणी काढून घेतला, आणि तीन सहस्र वर्षे, कोणी बोलावयास नाही, कोणी जवळ करावयास नाही, असे एकाकी भटकणे त्याच्या नशिबी आले. जखमेसाठी दारोदार तेल मागत तो अजून फिरतो, असे आपल्या घरांतील वृद्ध मंडळी सांगत आली आहेत. या लोककथेचे मला नेहमी आश्चर्य वाटते. व्यासांनी ज्याला शापाच्या स्वाधीन केले, त्याच्यासाठी लोकांनी दाराशी तेलाची वाटी ठेवली. आमच्या समाजाने ग्रामण्ये पाहिली आहेत. पंक्तीतून उठविणे म्हणजे काय, आणि शुद्धिपत्रासाठी वर्षानुवर्षे हात जोडून उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ज्याचा पंक्तीतला पाट उचलला गेला, त्याच्या मुलींची लग्ने अडत, त्याच्या प्रेताला खांदे मिळत नसत. तेव्हा सैन्याच्या तिसऱ्या पायरीचा अर्थ आम्हांस परक्या भाषेतूनही कळावयास हरकत नाही.

परंतु आमची रीत प्रायश्चित्ताची होती: दोष मान्य करा, दंड भरा, पंक्तीत या. नोंददुरुस्तीचे तत्त्व याहून निराळे आहे. तेथे राज्यसत्तेने स्वतःच लिहिलेला शब्द पुन्हा वाचावयाचा असतो, आणि तो चुकला असेल वा अन्यायाचा असेल तर खोडावयाचा असतो. मान खाली घालण्याची पाळी तेथे अर्जदाराची नसते, दप्तराची असते. निदान तशी ती असावी.

एक शेवटची गोष्ट. हे नाटक पाहणाऱ्या अथेन्सच्या नागरिकांना एजॅक्सचे पुढे काय झाले हे ठाऊक होते. त्यांच्या दहा कुळांपैकी एक त्याच्याच नावाने ओळखले जाई. ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये सॅलॅमिसच्या आरमारी लढाईपूर्वी ग्रीकांनी देवांची प्रार्थना केली आणि साह्यासाठी एजॅक्सलाही हाक घातली, असे हेरोडोटसने नमूद केले आहे. ज्याला मूठभर माती नाकारली जात होती, त्याच्या नावाने पुढे नगर उभे राहिले. रंगमंचावर मेनेलॉस आज्ञा सोडीत असता समोर बसलेल्या त्या जुन्या सैनिकांनी तो शब्द आधीच बदललेला होता. आज मंडळापुढे कागदांची चवड घेऊन बसलेल्या माणसाच्या पाठीमागे असा प्रेक्षकवर्ग नसतो. त्याच्याजवळ असते ती एखादी टेक्मेसा, एखादा ट्यूसर. ओडिसिअस यावयाचा की नाही, हे मंडळाच्या मेजापलीकडे बसलेल्यांनी ठरवावयाचे असते.